निलेशची डावी बाजू

१२ जानेवारी, रविवार

निलेशला डावीकडचं दिसत नाही. आज दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याचे डोळे पुन्हा तपासले. समोर बघ म्हटलं आणि डावीकडून बोट आणत गेलो. बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्याला पत्ता नाही! काचबिंदूच असणार. इतकी वर्षं लोकांना चष्मे देतोय, एवढं कळतं. चिठ्ठी दिली, उद्याच डॉक्टरांकडे जा म्हटलं.

"मे संपला की जातो. आत्ता कळलं तर माझ्या कायाकमध्ये कोण पर्यटक बसेल, राजू? आणि घरी तेजलला पण सांगायचं नाही हां!"

हो म्हणालो. शाळेपासूनचा मित्र म्हणून? की नाही म्हणायला जड गेलं म्हणून?

१५ जानेवारी

गेला नाही डॉक्टरकडे. मीही कोणाला बोललो नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

खाडीतल्या बेटावरचं रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा मालकाने हौसेने पाळलेल्या टर्की तिथेच सोडून दिल्या. त्या आता रानटी झाल्यात. उडून अलीकडे येतात, पावट्याचे मळे उकरतात. वाडीने निलेशला सांगितलं, तुझी बंदूक काढ. शेतीच्या राखणीचा परवाना त्याच्याकडेच.

मी म्हटलं, "तू? बंदूक?"

"सरळ दिसतंय ना? नेमाला तेवढंच लागतं. डावीकडचं तू बघ."

मी बरोबर असलो तर निदान लक्ष राहील, असं वाटलं. कारण फारच सोयीचं आहे, हेही वाटलं. तरी रविवारी जातोय.

१९ जानेवारी, रविवार

दोघांपुरती चिंचोळी कायाक. पुढे तो, मागे मी. कायाकमधून बंदूक बाजूला उडवता येत नाही, धक्क्याने उलटते. म्हणून मी वल्ह्याने तिचं नाक फिरवायचं, त्याने समोर बार काढायचा. म्हणजे नेम त्याचा, पण दिशा माझी! हे पाण्यात उतरल्यावर लक्षात आलं.

सुकती लागलेली, पाणी ओसरून बेटाभोवती चिखल उघडा पडलेला. निलेशने कायाकवर हात आपटला की झाडीतून टर्की गुळगुळ करून उत्तर देते. मोठा आवाज झाला की गप्प बसवतच नाही त्यांना. तिसऱ्यांदा एक नर बाहेर आला. निलेशने बंदूक उचलली. आणि त्या नराच्या चार हात डावीकडे वाडीतली सावित्रीकाकी, कमरेत वाकून चिखलातून तिसऱ्यांच्या शिंपल्या काढत होती.

"थांब!" मी ओरडलो आणि सगळा जोर लावून कायाक मागे खेचली.

काकी सरळ झाली. "काय रे निलेशा, माझा रस्सा करतोस की काय?"

"तुझा कसला रस्सा काकी, शिजायलाच दोन दिवस लागतील!"

दोघंही हसली. तिला वाटलं थट्टा. त्याला ती शेवटपर्यंत दिसली नव्हती. आवाजावरून मान वळवली त्याने. परतताना म्हणाला, "बघ, म्हणून तर तू लागतोस."

२१ जानेवारी

हात अजून दुखतायत.

तेजलवहिनींना सांगावं का? शब्द दिलाय. पण काकीला लागलं असतं तर शब्दाचं काय करणार होतो मी?

२६ जानेवारी, रविवार

मधला मार्ग काढला. निलेशला म्हटलं, "मी येणार नाही. यात माझा हात नको."

"बरं. नको येऊ."

एवढंच म्हणाला! भांडेल असं वाटलं होतं. नाक फिरवायला मी नाही, म्हणजे शिकार बंद. शब्दही मोडला नाही, पापही नाही. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

साडेनऊला तेजलवहिनींचा फोन. "भावोजी, तुम्ही आहात ना ह्यांच्याबरोबर? बेटाकडून बार ऐकू आला, आणि मागोमाग बायकांचा आरडाओरडा. मला ठाऊक आहे हो त्यांच्या नजरेचं. तुम्ही सोबत असता म्हणूनच जाऊ देते मी."

मी घरी होतो.