पोलिसांच्या तंबूत घालवलेली दुपार

प्रिय मारिसेला,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्हींत खाडाखोड झाली. आपल्या नोएमीला तू माझ्या गाडीत बसू देत नाहीस, म्हणून तिच्या ताब्याच्या सुनावणीआधी मी एक उद्योग केला. आपल्या प्वेब्लो गावचे पोलीस गांजा ओढणारी माणसं शोधत होते. पकडायला नाही, शिकायला. ओढणं कायदेशीर झालं, तरी नशेत गाडी चालवणं गुन्हाच आहे, आणि तशी नशा ओळखायचा सराव त्यांना खऱ्या माणसांवर करायचा होता. मी नाव दिलं. वाटलं, ओढूनही मी ठणठणीत असतो हे पोलिसांच्याच तोंडून वदवून घ्यावं आणि तुला कळवावं.

अग्निशमन केंद्रामागे तंबू होता. आम्ही पाच जण आत ओढत होतो आणि बाहेर पोलीस आम्हाला खायला बरिटो गरम करत होते! सार्जंट लोर्ना ट्रुहियो बावीस वर्षं आमच्यासारख्यांनाच पकडत आली. म्हणाली, "पूर्वी वास आला की गाडी उघडायचो, काम सोपं होतं. आता नुसत्या वासाला कोण विचारतं? म्हातारपणी माणूस बघायला शिकतेय." तिच्या हाताखालचे शिपाई तिला खुशाल टोकत होते, "मॅडम, पापण्या बघायच्या राहिल्या!" आणि ती निमूटपणे पुन्हा बघत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं. मला कुणी चूक दाखवली की मी काय करतो, ते तुला माहीत आहे.

मग तिने मला डोळे मिटून मनात तीस सेकंद मोजायला लावले. मी नीट मोजले, डोळे उघडले. तिच्या घड्याळात बावन्न झाले होते. मी म्हटलं, तुमचं घड्याळ बिघडलंय. ती हसली नाही. "परत कर, राजा." परत एकोणपन्नास. "तेवढ्यात रस्त्यावर काय काय होऊन जातं, कळतंय ना?" एवढंच म्हणाली. आमची नावं कुठे लिहीत नाहीत, हेही सांगितलं. घरी तिनेच सोडलं, पुढच्या सीटवर बसवून.

म्हणजे मी गप्प बसलो असतो, तर तुला काहीच कळलं नसतं. पण मे महिन्यात नोएमीला तलावावर नेलं, तेव्हा तू दारातच विचारलं होतंस, ओढलंयस का? मी नाही म्हणालो. ओढलं होतं. ती मागे बसून गाणं म्हणत होती, आणि मला वाटत होतं, मी किती सांभाळून चालवतोय. हे पत्र वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव. शनिवारी मी बसने येईन. तिला माझ्यासोबत पाठवायचं की नाही, ते तू ठरव.

नोएमीचा बाबा, आणि कधीकाळी तुझाच,
एलॉय