पंख मिटलेलं पिल्लू

मंगळवार, संध्याकाळ

सांगलीच्या मासळी बाजारात आज माझ्यासमोर पाकट चिरलं, पंखांसारख्या रुंद परांचं, गाईसारख्या नाकाडाचं, आणि पोटातून पिल्लू निघालं. पंख अंगाभोवती मिटलेले. जगातल्या कितीतरी समुद्रांत या माशाच्या भाऊबंद जाती आहेत, पण बहुतेकींना एका वेळी एकच पिल्लू. वर्गात दरवर्षी शिकवते मी हे. कशासाठी?

कापणारी मावशी म्हणाली, "आवं मॅडम, ह्ये रोजच निघतंय की. पायजे तर न्या."

आणलं. विश्रामबागला, आमच्या कॉलेजात, औषधाच्या पाण्यात बरणीत ठेवलं. शेजारी गेल्या वर्षीचं, पलीकडे त्याआधीचं. सगळ्यांचे पंख तसेच मिटलेले. एकानंही ते समुद्राच्या पाण्यात उघडले नाहीत.

प्राचार्य डोकावले. "वा, संग्रह वाढतोय!"

मी हो म्हणाले. वाढतोयच.