सासूबाई बॉक्समध्ये आहेत

आदरणीय वन्सं यांना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं फक्त कागदावर. भावना समजून घ्यावी.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला, की त्यांनी डॉक्टर बदलला? आमच्याकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी आणि तुमचे बंधुराज. टीव्ही मात्र खुशाल नाही, आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे. फोन केला असता, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि उचललात तरी तुमच्यापुढे माझं वाक्य पुरं होत नाही. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही, हा कागदाचा मोठा गुण.

तर टीव्ही बंद आहे. पडद्यावर एक निळी पाटी आहे: ‘आपली सेवा तात्पुरती स्थगित करण्यात आली आहे. खातेदाराने संपर्क साधावा.’ सुरुवातीला मला वाटलं, देव पावला. बंधुराजांच्या बातम्या तुम्हाला ठाऊक आहेत. एका पडद्यावर आठ चौकटी, आठ चौकटींत आठ तोंडं, आणि मधोमध कोट घातलेला एक गृहस्थ, जो प्रश्न विचारतो आणि उत्तर येऊ लागलं की ओरडतो. कुठल्यातरी मंत्र्याने कुठल्यातरी सभेत शिंक दिली तरी खाली लाल पट्टी धावते, आणि ती शिंक विरोधकांच्या दिशेने होती का, यावर तज्ज्ञ बसतात. म्हटलं, घरात जरा शांतता येईल. पण झालं भलतंच. टीव्ही बंद पडल्यावर बंधुराज स्वतःच वाहिनी झाले. मी भाजी चिरत असले की दारात उभे राहतात आणि विचारतात, “टोमॅटोच्या भावाबद्दल तुमची नेमकी भूमिका काय?” मी तोंड उघडलं की हात वर करून म्हणतात, “थांबा, थांबा, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या!” मग छोटासा ब्रेक घेऊन बाथरूमला जातात. परत आल्यावर तोच प्रश्न. कोट तेवढा घालत नाहीत, कारण तो त्यांना होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खातेदाराने संपर्क साधावा असं लिहिलंय, तर साधा की. हो. खातेदार कोण आहे ते आठवतंय का? सासूबाई. विजेचं बिल ह्यांच्या नावावर, गॅस ह्यांच्या नावावर, घराची पाटी ह्यांच्या नावाची, तेव्हा एक तरी गोष्ट माझ्या नावावर पाहिजे, असा हट्ट धरून त्यांनी टीव्हीचं कनेक्शन स्वतःच्या नावे घेतलं. रिमोटवर हक्क सांगायला कागद हवा होता त्यांना, दुसरं काय. त्या गेल्यावर ते नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आता कंपनीने सगळ्या खातेदारांची खातरजमा करायला घेतली आहे.

मी ग्राहक सेवेला फोन लावला. वन्सं, मी निवृत्त झाले ती टेलिफोन एक्स्चेंजमधून, हे तुम्हाला सांगायला नको. उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांशी नीट बोलले. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, आवाज चढवायचा नाही, तोलायचा. तो तोललेला आवाज लावून मी बसले, तर पलीकडे माणूसच नाही! एक रेकॉर्ड केलेली बाई. ती म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पेटी-तबल्याचं काहीतरी वाजलं. मग पुन्हा म्हणाली, महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा होता की घ्यायला कोणाचं धाडस होत नसावं. माझी कणीक मळून झाली, झाकून झाली, पोळ्याही होत आल्या, तेव्हा एक जिवंत मुलगी आली.

तिला मी सगळं सांगितलं. ती गोड आवाजात म्हणाली, “खातेदारांना फोन देता का मॅम?” म्हटलं, त्या वारल्या. “ओके मॅम. त्यांचा दुसरा नंबर आहे का?” म्हटलं, बाळ, त्यांचा देहान्त झाला. “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत मॅम. त्या उपलब्ध झाल्या की कॉल करायला सांगाल का?” (वन्सं, त्या उपलब्ध झाल्या तर पहिला फोन टीव्ही कंपनीला करतील असं मला वाटत नाही. माझा स्वयंपाक तपासतील.) मी विचारलं, समजा खातेदार कायमचेच अनुपलब्ध असले, तर? हे तिच्या कागदात लिहिलेलं होतं. मग खातं बंद होतं, जुना बॉक्स कंपनी घेऊन जाते, त्यात साठवलेलं सगळं पुसलं जातं, आणि तुम्हाला नवा कोरा बॉक्स मिळतो. “अभिनंदन मॅम,” म्हणाली. मी घाईघाईने म्हटलं, थांब, त्या येतील, त्या बाहेर गेल्यात. फोन ठेवल्यावर मोबाईलवर संदेश आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी तारे दिले नाहीत. मत लिहायला जागा होती, तिथे लिहिलं. जागा पुरली नाही.

आता बॉक्स जाऊ द्यायला मी का तयार नाही, ते. त्यात आपल्या आईंची ती मुलाखत रेकॉर्ड केलेली आहे. आपल्या गल्लीत रस्ता खणून ठेवला होता आणि वाहिनीचा बातमीदार माईक घेऊन आला होता, ती. “आजी, तुम्हाला काय वाटतं?” असं त्याने विचारलं आणि आई म्हणाल्या, “मला काय वाटतं ते मग. आधी तू त्या मातीच्या ढिगावरून खाली उतर, पडलास तर तुझी आई मला विचारेल.” आणि तो उतरला! मग हातातली पिशवी त्याला धरायला देऊन त्यांनी जे सुरू केलं, ते साहेब, ठेकेदार, पाइप, पाइपाचा दर्जा असं करत थेट देशाच्या कारभारापर्यंत गेलं, आणि बातमीदार दोन्ही हातांत माईक आणि कोथिंबीर धरून उभा. त्या मुलाखतीची धड दुसरी प्रत नाही. बंधुराजांनी एकदा मोबाईलवर टिपून ठेवली होती. त्यात आईंचा आवाज थोडा आणि “गप्प बसा, रेकॉर्ड करतोय” हा ह्यांचा आवाज जास्त आहे, आणि चित्रात बराचसा ह्यांचा अंगठा. सेवा स्थगित आहे तोवर बॉक्समधलं काहीच उघडत नाही. एकदा उघडलं की मी स्वतः टिपणार आहे, ह्यांना दुसऱ्या खोलीत बसवून.

माझं काही नाही. माझं आणि त्यांचं किती पटायचं हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही नेहमी त्यांच्या बाजूने हजर असायचात. मला त्या ‘मड्डम’ म्हणायच्या, तेही मी ऐकेन अशा बेताने. मी हे करते आहे ते केवळ तुमच्या भावासाठी. मनाला लागतं हो त्यांच्या.

परवा कंपनीचा माणूस बॉक्स न्यायला आला. खांद्याला पिशवी, कानात फोन, पाय थेट टीव्हीकडे. मी टीव्हीच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसले. तो म्हणाला, “काकू, सरका जरा, पटकन होईल.” (काकू! डोक्यावरचे केस माझ्यापेक्षा त्याचे पांढरे.) मी म्हटलं, नाही सरकत. तो म्हणाला, “अहो, जुना डबा आहे. त्यात आहे काय एवढं?” मी म्हटलं, “माझी सासू आहे.” त्याने बंधुराजांकडे पाहिलं. पुरुषमाणूस काहीतरी शहाण्यासारखं बोलेल अशी त्याची अपेक्षा असावी. बंधुराजांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, “आहे. आणि ती बाहेर आली तर तुम्हाला जड जाईल.” माणसाने पिशवीची चेन लावली. येत्या सोमवारी परत येतो म्हणाला, बरोबर साहेबांना घेऊन.

म्हणून काल मी जे केलं, ते सिस्टरांना कळलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं. मी पुन्हा फोन लावला आणि तोललेला आवाज बाजूला ठेवून सासूबाईंचा आवाज काढला. मला वाटलं होतं जमणार नाही. वन्सं, पहिल्या शब्दाला जमला! इतकी वर्षं ऐकला, कुठेतरी मुरला असणार. “कोण बोलतंय? नीट बोल. जेवलीस का? मग आवाज असा का?” इथून सुरू केलं, ते मुलीने उगाच हसू नये इथपर्यंत आले. ह्यांचा आरामखुर्चीत डोळा लागला होता. ते झोपेतच ताठ बसले आणि टीपॉयवरचे पाय खाली घेतले. मुलगी म्हणाली, “आजी, रागावू नका ना, करते मी लगेच.” बघा. माझ्या शुद्ध सभ्य बोलण्याने जे दोन आठवडे झालं नाही, ते त्यांच्या एका खेकसण्याने झालं. ह्यातून मी कोणताही धडा घेणार नाही.

सगळं झालं होतं. फक्त शेवटी ती म्हणाली, “आजी, तुमच्या मोबाईलवर एक आकडा पाठवलाय, तेवढा वाचून दाखवा.”

आईंचा मोबाईल, वन्सं, तुमच्याकडे आहे.

तो तुम्ही आठवण म्हणून नेलात, तेव्हा मी एका शब्दाने बोलले नाही. (ह्यांच्याशी बोलले, ते वेगळं.) तेव्हापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत, त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. चार्जर मिळेना म्हणून तो फोन बंद पडून आहे, आणि त्या जुन्या पिनेचा चार्जर आता बाजारात मिळत नाही, हे मला कळलं आहे. त्यातलं सिमकार्ड आताच्या फोनात बसत नाही, हेही. तरी तुम्ही त्या बंद फोनला नेमाने रिचार्ज मारता, हे भावोजींनी ह्यांना सांगितलं. मी हसले नाही. असो. मी काही मागत नाही आहे. घरात काय चाललंय ते मोठ्या नणंदेला कळवावं, एवढाच हेतू. भावोजींना नमस्कार. खोकल्याला मध घ्यायला सांगा, डॉक्टर नको.

तुमची,
मड्डम

ता.क. चार्जर दिसला. सोबतच्या पाकिटात, मोज्यात गुंडाळून पाठवला आहे. कुठे दिसला, हे विचारू नये. फोन चार्ज करून सोमवारच्या आत घेऊन यावं. आकडा आला की तुम्ही वाचा, आवाज मी काढते. तुम्हीही काढू शकता, तुमचा तर मुळात तोच आहे. पण तुम्हाला मधेच रडू येतं.

ता.क. २. त्या मुलाखतीचा शेवट तुम्ही एकदाही ऐकलेला नाही. दरवेळी अर्ध्यात, “चहा टाकते” म्हणून डोळ्याला पदर लावत आत जायचात. म्हणून लिहिते. पिशवी परत घेताना त्या बातमीदाराला सांगतात, “जा, तुझ्या साहेबाला सांग, नशीब समज म्हातारी भेटली. घरात माझी सून आहे. कॉन्व्हेंटची. ती बाहेर आली असती ना, तर तुम्हाला माफी कुठल्या भाषेत मागावी हे सुचलं नसतं. भांडावं तर तिनं!” हे आयुष्यात मला एकदाच म्हणाल्या, आणि तेही मला नाही, वाहिनीला. दुपारी हे झोपले की मी लावून बघायचे. ह्यांना सांगू नये.

ता.क. ३. या वेळी चहा मी आधीच करून ठेवणार आहे. तुम्ही शेवटपर्यंत बसायचं.