त्र्यंबकासाठी फ्रेंच पूर्वज

१२ जानेवारी, रविवार. कॅरी
लेकीचा, ज्ञानदाचा फोन. मुलगा आहे! एप्रिलमध्ये. नाव मी जागच्या जागी जाहीर केलं: त्र्यंबक. बाबांचं. मला अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली, पण त्यांचं नाव इथं कुणी कधी उच्चारलेलं नाही. त्याचं वाईट वाटतं. ज्ञानदा लेट्स सी म्हणाली. म्हणजे होच.

१३ जानेवारी, सोमवार
सुमित्रा म्हणते, बारशाला नाव आत्या ठेवते. आत्या म्हणजे जावयाची बहीण. आईच्या बापाला आपल्याकडे कोण विचारतो? बायको नक्की कुणाच्या बाजूची आहे कळत नाही.
संकल्प: आपली पद्धत उपयोगाची नसेल तर त्यांची शोधायची. जावई आंद्रे लुइझियानाचा. पूर्वज फ्रेंच राजवटीत तिथे आलेले. चर्चची जुनी दप्तरं ऑनलाइन आहेत. रोज एक तास. फेब्रुवारीत वंशवृक्ष तयार.

१९ जानेवारी, रविवार
आठवडाभर तास जमला नाही. पाठ दुखत होती. शिवाय सगळं फ्रेंचमध्ये, आणि पाद्र्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. उद्यापासून नक्की.

२ फेब्रुवारी, रविवार
मोठा शोध! ज्याँ बातीस्त, ज्याँ पिएर, मारी जोसेफ. म्हणजे बातीस्तचा मुलगा ज्याँ, जोसेफची मुलगी मारी. मधलं नाव वडिलांचं, थेट आपल्यासारखं! मग मधे आंद्रे आलं की त्यांचं समाधान झालं, पुढचं नाव मोकळं. त्र्यंबक आंद्रे. या लोकांना स्वतःची पद्धत माहीतच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
बातीस्त या एकट्या गृहस्थाला चाळीसच्या वर मुलं दिसतायत. सगळ्यांची नावं ज्याँ. सुमित्राला शंका आली. मी म्हटलं, वसाहत वसवायची म्हणजे माणसं लागतात.

२३ फेब्रुवारी, रविवार
विहीणबाईंना, म्हणजे आंद्रेच्या आईला, व्हिडिओ कॉलवर वंशवृक्ष दाखवला. क्लोदेतबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ज्याँ-बातीस्त हे म्हणे एकाच मुलाचं अख्खं नाव. गावातल्या निम्म्या पोरांचं तेच. वडिलांचा काही संबंध नाही.
दीड महिना पाण्यात गेला. साधी नावं ठेवता येत नाहीत आणि म्हणे जगावर राज्य करायला निघाले होते. सुमित्रा पण हसत होती. फार संताप झाला. जेवलो नाही. नंतर थोडा पुलाव खाल्ला.

९ मार्च, रविवार
जिंकलो! प्रत्येक बाप्तिस्म्याखाली गॉडफादरची, म्हणजे मुलाच्या धर्मपित्याची, नोंद आहे. मुलाचं नाव त्याच्याकडून. आणि एका ठिकाणी तर गॉडफादर चक्क आईचे वडील! लगेच विहीणबाईंना फोन. म्हणाल्या, ही पद्धत आमच्या घरात आजीबरोबर संपली, ती तुमच्यामुळे परत सुरू होतेय. चर्चमध्ये गॉडफादर म्हणून आमचा ख्रिस्ती माणूस उभा राहील, पण नावाचा मान तुमचाच. ज्ञानदा, आंद्रे दोघांनाही पटलं.
त्र्यंबकचा मी परत उल्लेख केला नाही. एकदा सांगितलंय, ते पुरे. सुमित्रा म्हणाली, नीट विचारून घ्या. बायकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१३ एप्रिल, रविवार. हॉस्पिटलमधून परत
नातू गोरापान, नाक बाबांचं. पाळण्यावर कार्ड: पॉल.
विहीणबाईंनी समजावून सांगितलं. गॉडफादर आवडीचं नाव देत नाही, स्वतःचं देतो. हे मीच तर शोधून काढलं. माझं पुरुषोत्तम हे नाव त्यांना म्हणता येत नाही. आणि ज्ञानदाच्या लग्नात मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो, ऑफिसात मला पॉल म्हणतात, तुम्हीही पॉलच म्हणा. जन्मदाखल्याचा फॉर्म भरून झालाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाई रडल्या. मीही रडलो. त्यांना वाटलं, आनंदानं.
बाळाला मांडीवर घेऊन कानात हळूच त्र्यंबक म्हटलं. ढिम्म. तेवढ्यात सुमित्रानं लाडानं पॉल अशी हाक मारली. बाळ झोपलेलंच होतं. ओ मी दिली.