मॉडेमपुढची टिक

शुक्रवार, १४ ऑगस्ट

चार दिवस मी त्या मॉडेमला नावं ठेवली. लोणी काळभोरच्या उसात जमिनीचा ओलावा मोजायला लावायचं आमचं यंत्र. सिमकार्ड चालू, रेंज भरपूर, तरी ओलाव्याचा एक आकडा ऑफिसात पोहोचेना. आज सकाळी यंत्राच्या लिनक्स कर्नलचे, म्हणजे आतल्या मूळ प्रणालीचे, पर्याय पुन्हा वरपासून वाचले. मॉडेम चालवणाऱ्या ड्रायव्हरपुढची टिकच नव्हती. मेमरीतली जागा वाचवायला गेल्या महिन्यात मीच काढली होती. मीच!

गुपचूप लावून टाकावी का? दहा वर्षं घरी राहून परत नोकरीला लागलेय, त्यात ही चूक... पण नाही राहवलं. पटवर्धन सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं.

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "वा! म्हणजे मॉडेम निर्दोष सुटला."

मान वर होईना. जागेवर येऊन टिक लावली, कर्नल पुन्हा तयार केला, यंत्रात भरला. पाचच्या सुमारास पहिला आकडा आला. सर मागे येऊन कधी उभे राहिले, कळलंच नाही.

"सोमवारी लोणी काळभोरला हे यंत्र बसवायचंय," ते म्हणाले. "तुम्ही जा. मी येत नाही."

"एकटीच?"

"मग? चूक काय तुम्ही दुकटीनं शोधलीत?"

इतकं हसू आलं! सोमवारी एकटी जाणार मी.