मोगऱ्याचं वाण

१९ जानेवारी

मानेत आग! गॅलरीत कपडे वाळत घालताना काहीतरी चावलं. बघते तर मुंगी. तिळाएवढीही नाही, नारिंगी. अर्धा दिवस चुरचुरत होतं.

२१ जानेवारी

शेजारच्या रखमाकाकूंनाही चावल्या. मी मुंग्यांचा खडू ओढायला गेले तर म्हणतात, "मुंगयेक मारूक नाय गो, साखर घाल तिका." आणि खरंच उंबऱ्यात साखर घातली! कपाळाला हात लावला मी.

२३ जानेवारी

साखर घालतानाच काकूंच्या हाताला डसल्या. ओठ सुजले, श्वास लागला. ह्यांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर — पुढचं मला ऐकवेना.

घरात अनुजाचं दोन महिन्यांचं बाळ आहे. बाळंतपणाला आलीय पोर.

२४ जानेवारी

भाच्याला बोलावलं. विनीत कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्याने माझ्याच मोगऱ्याच्या कुंडीला टिचकी मारली. माती नारिंगी झाली!

"मावशी, ह्या बाहेरदेशातल्या मुंग्या. कुंड्यांतून बेटांवर पोचतात. तिथे लोक बागेत जायला घाबरतात. कुत्री-मांजरं आंधळी झालीत."

म्हटलं, आपण कुठे रे बेटावर?

"मुंबई म्हणजे काय मग?"

यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे नकोत म्हणून मीच ही रोपं लुटली. अख्ख्या चाळीत! वर मिरवलं. काकूंचं काही बरंवाईट झालं असतं तर? विनीतला शपथ घातली — कुणाला बोलू नकोस.

२५ जानेवारी

दारोदार फिरले. नर्सरीवाला रोपं बदलून देतोय, असं सांगून कुंड्या गोळा केल्या. खालची सुचित्रा म्हणाली, "माझं तर छान वाढतंय, राहू दे ना!" हिसकावूनच घेतलं.

बाळाच्या दुपट्यावर एक सापडली. डोळ्यांपासून वीतभर.

२६ जानेवारी

अनुजाला शीवला सासरी पाठवलं. औषध फवारायचंय, एवढंच सांगितलं. रुसली. "आई, इतक्यात घालवतेस मला?" रुसू दे. एकेक कपडा झटकून दिला. बाळ तिथे बाराव्या मजल्यावर सुखरूप. आज जेवले पोटभर.

२७ जानेवारी

सरोजिनीताईंचा फोन. विहीणबाई एकदम खुशीत. "अनुजाने फोटो पाठवला होता, तुमच्याकडचं वाण इतकं आवडलं मला! रथसप्तमीला आम्हीही मोगराच लुटला, तुमच्याच नर्सरीतून. उरलेल्या कुंड्या पाळण्याशी ठेवल्यात. बाळ कसं टकमक बघतं!"

मी सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला, आता लागतच नाही. ह्यांनी टॅक्सी थांबवलीय. अनुजा फोन उचलत नाही.