चंद्रीचा पंचनामा

२६ जुलै २०२४
पुराचं पाणी गोठ्यात शिरलं. ह्यांनी कोयत्यानं दावी कापली — बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं पोहून निघतं. गाय वर आली. आमची म्हस चंद्री मात्र नदीच्या धारेला लागली! तिची लांब शिंगं तेवढी पाण्यावर दिसत होती. सासू काठावरनं हाका मारत राहिली. आवाज बसला म्हातारीचा.

३ ऑगस्ट
पाणी उतरलं. कुरुंदवाडात जिकडं बघावं तिकडं चिखल. चंद्रीचा पत्ता नाही. गाय भाकड, घर चालायचं ते चंद्रीच्या दुधावर. आता डेअरीत काय रिकामी किटली घेऊन जायचं?

तलाठी आले. "मदत मिळंल की वैनी. पण मेलेलं जनावर दाखवा, त्याबिगर पंचनामा कसा करू?"

"वाहून गेलेलं दाखवू कुठनं?" फाडकन बोलले. बिचारे चहा न घेताच गेले. मग मलाच वाईट वाटलं.

५ ऑगस्ट
ह्यांच्या चुलतभावाचा, आकारामचा फोन — खालच्या उसात मेलेली म्हस अडकलीय. पळत गेलो. टम्म फुगलेली. कानात नंबराचा बिल्ला नाही. चंद्रीचाही गेल्या वर्षी तुटून पडलेला. हे म्हणाले, हीच. मीही म्हणाले, हीच. दुसरी कुणाची असणार? डॉक्टर, तलाठी, पंच — सगळे नाकाला रुमाल लावून उभे.

सासूनं वाकून शिंगावरनं हात फिरवला. "ही माझी न्हाय."

"आत्या, पाण्यानं फुगलीया, म्हणून वेगळी दिसती," मी म्हणाले.

"शिंगं बी फुगत्यात व्हय गं?"

ह्यांनी तिला धरून बांधावर नेलं. मी सही केली.

६ ऑगस्ट
सासू माझ्याशी बोलत नाही. राहू दे!

१८ सप्टेंबर
मदत खात्यावर आली. नवी म्हस घेऊया म्हटलं, तर सासू आडवी! "पाडव्यापतूर थांबा." दिवाळीच्या पाडव्याला गावोगावच्या म्हशी सजवून मैदानात पळवतात. "जित्ती असंल तर तितं दिसंलच की."

हे हसले. मला मात्र राग आला. दूध किती दिवस विकत घ्यायचं? पण धार काढणार म्हातारीच. तिच्या मनाविरुद्ध म्हस आणली तर कासेला हात लावायची नाही. थांबलो.

२ नोव्हेंबर, पाडवा


सासूला घेऊन मैदानात गेले. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, मालकांच्या मोटारसायकलीमागं पळणाऱ्या म्हशी, नुसता कालवा! नदीपल्याडच्या एकाची म्हस काही केल्या पळेना. त्यानं गाडी रेस केली, शिट्ट्या घातल्या. ती आपली ढिम्म. लोक हसायला लागले. सासू उठली.

"चंद्रेऽऽ ये गं माजे बायेऽऽ!"

गर्दी फाडत आली! आली ती थेट सासूच्या पदरात तोंड खुपसून उभी. आई मेल्यावर सासूनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, दुसऱ्या कुणाच्या हाकेला कशी येईल? मी भर मैदानात रडले. आणि मग त्या माणसाची कॉलर धरली. "आमची म्हस चोरतोस?"

"चोरली न्हाय वैनी," तो म्हणाला. गुंडू त्याचं नाव. "पुरात माझ्या दारात येऊन लागली. माझी वाहून गेली, ती घावलीच न्हाय. दाखवायला जनावर न्हाय म्हणून मदत बी न्हाय. मग हिलाच बांधली. चुकलं माझं."

चंद्री घरी आली. गुंडूला पोलिसात देणार, म्हणून मी रात्रीपर्यंत तणतणत होते. सासू एवढंच म्हणाली, "त्याला सकाळी चहाला बोलीव."

३ नोव्हेंबर
गुंडू आला. चहा देता देता सासूनं विचारलं, "तुज्या म्हशीची शिंगं कसली हुती रं?"

"आखूड. कानामागं वळलेली."

उसातली मेलेली म्हस तसलीच होती. सासूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पासबुक पिशवीत टाकलंय. मी, सासू, गुंडू, तिघं तलाठ्याकडं निघालोय.